लोखंडाचे तांबे होते काय?

लोखंडाचे तांबे होते, अशी समजूत जगातील निरनिराळ्या देशांत हजार वर्षांहून अधिक काळ नांदत होती. ती बाळगणारे सगळे भोळेभाबडे होते असे मात्र कोणी समजू नये. त्यांत दरबारी पंडित होते, खाणींवरचे अधिकारी होते, नामांकित वैद्य होते. आणि त्यांच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार उभा होता, तो म्हणजे त्यांचे स्वतःचे डोळे. ही समजूत कशी जन्मली, ती कोणी व कोणत्या साधनाने खोडून काढली, आणि त्या जुन्या वादाशी आज कामरगावच्या माणसाचा काय संबंध पोचतो, एवढ्या तीन गोष्टींचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम मूळ प्रकार काय तो पाहू. आपल्या वऱ्हाडात संत्र्याची बाग ज्याच्याकडे आहे त्याला मोरचूद ठाऊक नाही असे होणार नाही. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर मोरचूद विरघळवावे. पाणी सुंदर निळे होते. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हा पेला पुन्हा खाण्यापिण्याकडे घेऊ नये. आता लोखंडाचा एक खिळा घासून लख्ख करावा आणि अर्धा त्या पाण्यात बुडवावा. पळ दोन पळांत बुडालेला भाग तांबूस दिसू लागतो. तसाच राहू दिला तर त्याच्यावर तांब्याचा थर चढत जातो, आणि तिकडे पाण्याचा निळा रंग हळूहळू फिका पडून हिरवट होतो. पुरेसे मोरचूद असेल व पुरेसा अवधी दिला तर खिळ्याच्या जागी तांब्याचा भुसभुशीत गाळ तेवढा उरतो.

डोळ्यांना दिसते ते असे : लोखंड पाण्यात घातले आणि तांबे बाहेर काढले. मग लोखंडाचेच तांबे झाले, असे माणसाने म्हटले तर त्यात त्याचा दोष तो काय?

चीन देशात ही गोष्ट फार प्राचीन काळी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच, लिहून ठेवलेली आढळते. पुढे सुंग राजवटीत शेन क्वो नावाचा एक विद्वान अधिकारी होऊन गेला. त्याने १०८८ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात एका कडू झऱ्याची हकीकत दिली आहे. त्या झऱ्याचे पाणी आटवले की मोरचुदासारखा क्षार मिळे, आणि ज्या लोखंडी कढईत ते आटवीत ती कढई काही काळाने तांब्याची होऊन जाई, असे तो म्हणतो. चिनी राज्यकर्त्यांनी या नवलाकडे नुसते पाहत न बसता त्याचा कारखाना केला. नाण्यांसाठी त्यांना तांबे फार लागत असे. खाणीतून झिरपणारे निळे पाणी दगडी चरांतून वाहवावयाचे, त्यात लोखंडाचे पातळ पत्रे टाकून ठेवावयाचे आणि काही दिवसांनी त्यांवरचे तांबे खरवडून घ्यावयाचे, अशी ही रीत होती. १०९४ मध्ये तर तांबे भिजवून काढण्याच्या या कृतीवर एक स्वतंत्र पुस्तक सरकारला सादर झाले होते.

युरोपात हीच कथा हंगेरीच्या डोंगरांत घडली. त्या वेळी हंगेरीच्या राज्यात मोडणारे आणि आज स्लोव्हाकियात असलेले स्मोलनिक हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. खाणविद्येचा आद्य ग्रंथकार अ‍ॅग्रिकोला याने सोळाव्या शतकात तेथील पाण्याचा उल्लेख केला आहे. त्याच मुलखातल्या दुसऱ्या एका खाणीच्या गावी अशा तांब्याचे नक्षीदार पेले घडवीत. मी पूर्वी लोखंड होतो, अशा अर्थाचे शब्द त्या पेल्यांवर कोरलेले असत. श्रीमंत लोक ते मोठ्या हौसेने विकत घेत. त्या पेल्यातून पिणाऱ्याला धातू बदलतात याविषयी शंका उरत नसे. किमयागारांना तर हा हातचा पुरावाच मिळाला. लोखंडाचे तांबे होत असेल, तर तांब्याचे सोने का होऊ नये, हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड होता.

आपल्याकडेही किमयेचे वेड काही कमी नव्हते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याने दक्षिण कोसल देशातील नागार्जुनाची कथा सांगितली आहे. राजाने डोंगरात विहार कोरावयास घेतला, खजिना आटला, तेव्हा नागार्जुनाने दगडांवर रसायन शिंपडून त्यांचे सोने केले, अशी ती कथा. नागार्जुन या नावाचे एकाहून अधिक पुरुष होऊन गेले असावेत असे अभ्यासक मानतात. पण आपल्या विदर्भात रामटेकजवळच्या एका टेकडीशी हे नाव लोकपरंपरेने आजही जोडलेले आहे.

तथापि आपल्या रसग्रंथांत नुसत्या कथा नाहीत. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ साली हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले आणि या ग्रंथांतील प्रत्यक्ष कृतींकडे जगाचे लक्ष वेधले. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात मोरचुदाला सस्यक किंवा मयूरतुत्थ म्हटले आहे. टाकणखार वगैरे द्रव्यांबरोबर ते मुशीत तापवले असता त्याचे जे सत्त्व निघते ते इंद्रगोपासारखे लाल असते, असे तेथे सांगितले आहे. इंद्रगोप म्हणजे पहिल्या पावसानंतर आपल्या शेतांत दिसणारा मखमली लाल किडा, आपला मृगाचा किडा. हे लाल सत्त्व म्हणजे तांबेच होय. याचा अर्थ मोठा महत्त्वाचा आहे. मोरचुदाच्या पोटात तांबे असते ही गोष्ट भट्टीवर बसणाऱ्या आपल्या रसवैद्यांना ठाऊक होती. खिळ्यावरचे तांबे आले कोठून, या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या मुशीत पडलेले होते.

उरलेले अर्धे उत्तर मिळावयास दुसरा प्रश्न विचारावा लागतो : तांबे आले हे खरे, पण लोखंड गेले कोठे? आले काय ते सर्वांना दिसते. गेले काय त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. या विषयाचा सारा इतिहास या दुसऱ्या प्रश्नावर फिरला आहे असे आम्हांस वाटते.

या हिशेबाला आरंभ केला तो अँजेलो साला या इटालियन वैद्याने. १६१७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने मोरचुदाची फोड करून दाखवली. त्याने तांबे, गंधकाचे तेजाब आणि पाणी यांपासून स्वतः मोरचूद तयार केले आणि खाणीतल्या मोरचुदात व त्यात काही फरक नाही असे दाखवले. ज्या वस्तूत तांबे आपल्या हाताने घातले आहे, तिच्यातून तांबे बाहेर आले तर त्यात नवल कसले? खिळ्यावरचे तांबे हे बदललेले लोखंड नव्हे, ते पाण्यातच होते, हा त्याचा निष्कर्ष होता.

आज आपल्याला हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. शंभर ग्रॅम मोरचुदात सुमारे साडेपंचवीस ग्रॅम तांबे असते. ते सगळे खाली बसवावयाचे तर सुमारे साडेबावीस ग्रॅम लोखंड खर्ची पडते. हे लोखंड नाहीसे होत नाही. ते पाण्यात उतरते. उरलेले हिरवट पाणी आटवले तर त्यातून हिरवा हिराकस मिळतो, आणि हिराकस हा लोखंडाचा क्षार आहे. म्हणजे तांबे मोरचुदातून सुटून बाहेर आले आणि त्याची जागा लोखंडाने घेतली. येथे रूपांतर झाले नाही, अदलाबदल झाली. एकाने घर सोडले, दुसरा त्यात राहावयास आला.

मग पुढचा प्रश्न सहजच उद्भवतो. कोणता धातू कोणाला घराबाहेर काढतो? याला काही नियम आहे की ज्याला संधी मिळेल तो काढतो? न्यूटनने प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या १७१७ च्या आवृत्तीत याचा विचार केला आहे. लोखंड तांब्याला बाहेर काढते आणि तांबे चांदीला, याची त्याने नोंद घेतली आणि तेजाबाचे कण एका धातूपेक्षा दुसऱ्याकडे अधिक ओढले जातात, असे त्याचे कारण सुचवले. न्यूटन हा टांकसाळीचा अधिकारीही होता, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १७१८ साली पॅरिसमध्ये एत्येन फ्रान्स्वा जॉफ्रॉय याने अशा संबंधांचे एक कोष्टकच सादर केले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्वीडनच्या टॉर्बर्न बर्गमन याने, ठराविक वजनाची चांदी खाली बसवण्यास निरनिराळे धातू किती किती लागतात, हे तराजूवर तोलून काढले. ‘कोण कोणाला काढतो’ या प्रश्नाला ‘किती’ हा शब्द जोडला गेला.

ही जी उतरंड लागली ती साधारण अशी आहे : सर्वांत वर मॅग्नेशियम, मग जस्त, लोखंड, कथील, शिसे, तांबे, पारा, चांदी आणि सर्वांत खाली सोने. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो. खालचा वरच्याला काढू शकत नाही. हिराकसाच्या पाण्यात तांब्याचा तुकडा महिनाभर ठेवला तरी त्यावर लोखंड चढत नाही.

परंतु ही उतरंड अशीच का, हे ओढीच्या कल्पनेने नीट उलगडत नव्हते. त्याचा उलगडा विजेने केला. १८०० साली व्होल्टाने दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या व त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे रचून विजेचा अखंड प्रवाह मिळवला. योहान रिटर या जर्मन तरुणाने त्याच सुमारास दाखवून दिले की, वीज उत्पन्न करण्यात धातूंचा जो क्रम लागतो तो एकमेकांना क्षारातून बाहेर काढण्याच्या क्रमाशी जुळतो. दोन्ही गोष्टी मुळात एकच असल्या पाहिजेत. १८३६ साली इंग्लंडमध्ये डॅनियल याने याच तत्त्वावर आपला विद्युतघट बनवला. एका बाजूस जस्त झिजते, दुसऱ्या बाजूस मोरचुदातले तांबे खाली बसते, आणि दोहोंमधली देवघेव तारेतून होत असल्यामुळे तारेतून वीज वाहते. या जातीच्या घटांवर पुढे कित्येक वर्षे देशोदेशींची तारायंत्रे चालली. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली. लग्नाची आणि मरणाची बातमी आणणाऱ्या तारेमागे अशा झिजणाऱ्या धातूचेही बळ होते, हे आता कोणाच्या स्मरणात नसेल.

१८९७ मध्ये जे. जे. टॉमसन याने इलेक्ट्रॉन शोधून काढला आणि चित्र पुरे झाले. क्षारात विरघळलेला तांब्याचा कण हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला कण असतो. लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्यापेक्षा सहज देऊन टाकते. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन तांब्याला देतो व स्वतः पाण्यात जातो. तांबे ते घेऊन धातू होते व खिळ्यावर बसते. चांदीचा कण एकच इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. म्हणून तांब्याचा एक अणू चांदीच्या दोन अणूंना बाहेर काढतो. उतरंडीत वर बसलेला धातू म्हणजे अधिक उदार दाता, आणि सर्वांत तळाशी बसलेले सोने म्हणजे अत्यंत कृपण, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. आपल्या घरांवरचे जस्ती पत्रे याच नियमाने टिकतात. पत्र्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी झिजते आणि ते आहे तोवर लोखंडाला वाचवते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. ज्यांनी हा नियम पुस्तकातून न शिकता हाताने शिकला आणि त्यावर आपली पोटे भरली, अशी हजारो मराठी माणसे आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हा पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख. शेतीवर भागेना म्हणून तेथील तरुण विसाव्या शतकात घराबाहेर पडले आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरले. त्यांना गलाईवाले म्हणतात. खानापूर तालुक्यातील विटे हे गाव या धंद्याचे माहेर समजले जाते. दक्षिणेत केरळपासून उत्तरेत पंजाबपर्यंत, सराफ बाजाराच्या कोणत्याही बोळात एखाद्या मराठी गलाईवाल्याची भट्टी सापडते.

त्यांची कृती पाहा. मोडीचे सोने घेतात; त्यात तांबे, चांदी मिसळलेली असते. एक भाग सोन्याला सुमारे तीन भाग चांदी घालून ते वितळवतात आणि पाण्यात ओतून त्याचा रवा करतात. चांदी कमी पडली तर सोने चांदीला आपल्या पोटात झाकून ठेवते व तेजाब आतवर पोचत नाही. म्हणून ही भेसळ मुद्दाम करावी लागते. मग हा रवा शोऱ्याच्या तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे विरघळून जातात. कृपण सोने विरघळत नाही, ते तळाशी तपकिरी भुकटीच्या रूपाने उरते. ते धुऊन टाकणखाराबरोबर वितळवले की शुद्ध सोन्याची लगड होते.

आणि पाण्यात गेलेली चांदी? तिच्यासाठी त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडतात. तांबे पाण्यात उतरू लागते आणि चांदी करड्या, चकचकीत पिसाऱ्याप्रमाणे पट्टीवर फुलून खाली बसते. एक किलो तांबे खर्ची पडले म्हणजे सुमारे तीन किलो चारशे ग्रॅम चांदी परत येते. आता पाणी निळे झाले, कारण त्यात तांबे आहे. त्यात भंगार लोखंड टाकले की तांबेही परत मिळते. सोन्याकडून चांदीकडे, चांदीकडून तांब्याकडे, तांब्याकडून लोखंडाकडे, अशी ती उतरंड तळापासून एकेक पायरी वर चढत जाते. जॉफ्रॉयच्या कोष्टकाचे नावही ज्याने ऐकलेले नाही, असा आटपाडीकडचा माणूस तेच कोष्टक घमेल्यात आणि बरणीत रोज मांडत असतो. पूर्वी सोनाराच्या दुकानातील राखमाती धुऊन कण वेचणारे झारेकरी होते. गलाईवाला हा त्यांचाच रसायन जाणणारा भाऊबंद म्हणावयास हरकत नाही.

या ठिकाणीही गेले काय हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तेजाबात चांदी विरघळताना तांबूस रंगाचा वायू निघतो. तो फुफ्फुसांना अतिशय घातक आहे. अरुंद, कोंदट खोलीत, धुराड्याची सोय नसताना वर्षानुवर्षे जो माणूस त्या भट्टीपाशी बसतो, त्याच्या छातीची झीज लगडीच्या वजनात कोठेही धरली जात नाही. सोने शुद्ध होऊन सराफाकडे जाते. कोणाच्या श्वासाच्या मोलाने ते शुद्ध झाले, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. धूर ओढून घेणारी व धुऊन काढणारी यंत्रणा आज उपलब्ध आहे. ती बसवणे ही मेहेरबानी नव्हे, तो हिशेबाचाच भाग आहे.

पुन्हा वऱ्हाडाकडे येऊ. १८८५ साली फ्रान्समधील बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे याने मोरचूद व चुना यांचे मिश्रण द्राक्षवेलींच्या केवडा रोगावर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भीती वाटावी म्हणून मळेवाले मोरचूद-चुना शिंपडीत. त्या वेली रोगातून वाचल्या, हे त्याच्या नजरेस आले होते. तेच बोर्डो मिश्रण आज आपल्या संत्र्याच्या झाडांवर फवारले जाते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी, हे त्याचे एक टक्क्याचे प्रमाण. ते लोखंडाच्या पिंपात करू नये असे सांगतात, त्याचे कारण आता वेगळे सांगावयास नको : औषधातले तांबे पिंपाला जाऊन बसेल आणि पिंप झिजेल. तसेच चुना हलका निघाला तर मोकळे मोरचूद शिल्लक राहून झाडाची पाने करपतात. त्याची परीक्षा म्हणून घासलेला विळा त्या मिश्रणात थोडा वेळ धरतात. पात्यावर तांबूस छटा आली तर आणखी चुना घालावयाचा. जो रंग पाहून किमयागाराला सोन्याची स्वप्ने पडली, तोच रंग आमच्या बागाइतदाराला सावध करतो. खूण एकच, पण एकाने तिच्यावर विश्वास टाकला आणि दुसऱ्याने तिचा अर्थ लावला.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दुपारच्या वेळी पुरुष शेतावर गेले म्हणजे दारोदार हिंडून ‘दागिने उजळून देतो’ असे म्हणणारे लोक येतात, आणि त्यांनी बायाबापड्यांना फसवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार छापून येतात. हे लोक आधी तांब्यापितळेचे भांडे फुकट घासून देतात, मग चांदीचे जोडवे, आणि विश्वास बसला की मंगळसूत्र किंवा पाटल्या मागतात. शोऱ्याच्या आणि मिठाच्या तेजाबांचे मिश्रण, ज्याला अम्लराज म्हणतात, ते मात्र सोन्यालाही विरघळवते. दागिना त्यात बुडवून काढला की वरचा थर पाण्यात जातो. दागिना हाती परत मिळतो आणि गेलेले सोने त्यांच्या भांड्यातल्या पाण्यात राहते. पुढे घरी नेऊन त्यात जस्त टाकले की उतरंडीच्या नियमाने ते अलगद खाली बसते. चोराने कशाला हात लावला असे वाटतही नाही.

येथेही फसवले ते डोळ्यांनीच. आले काय ते सर्वांनी पाहिले : उजळलेला दागिना. गेले काय ते कोणी तोलले नाही. हंगेरीचा पेला घेणारा सरदार आणि आपल्या ओसरीवर बसलेली म्हातारी आई यांची चूक एकाच जातीची आहे, आणि साला व बर्गमन यांनी ती ज्या साधनाने दुरुस्त केली ते साधन काही दुर्मीळ नाही. कामरगावच्या प्रत्येक सराफाच्या दुकानात ते टांगलेले किंवा मांडलेले आहे. तेव्हा आमची विनंती एवढीच की, दागिना उजळावयास द्यावयाचा तर तो ओळखीच्या सराफाकडे द्यावा, देताना तोलून द्यावा आणि घेताना तोलून घ्यावा. दारात आलेल्या अनोळखी माणसाने भांडे मागितले, तर त्याला आधी तराजू मागावा.